मारुतीचं तेल



व्याख्यानाचं निमंत्रण देताना संयोजकांनी मला हळूच बजावलं होतं, "वैद्यबुवा, विषय वाताचा आहे, पण श्रोत्यांना वात आणू नका." मी प्रयत्न करतो. साधला नाही, तर वात कसा शमवायचा हे आज सांगणारच आहे. औषध जवळ ठेवूनच बोलतो म्हणा ना.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी जमतो, त्यांना पुस्तकी बोलणं आवडत नसे, असं त्यांना पाहिलेली माणसं सांगतात. म्हणून ग्रंथापासून सुरुवात करत नाही. देवळापासून करतो. उद्या शनिवार. सकाळी आपल्यातले कितीतरी जण मारुतीला जातील. बरोबर काय नेतील? वाटीभर तेल, रुईच्या पानांची माळ, चिमूटभर मीठ आणि काळे उडीद.

आता हा देव कोण? पवनपुत्र. वाऱ्याचा मुलगा. मग वाऱ्याच्या मुलाला तेल का? उडीद का? मीठ का? रुईच का? आयुर्वेदाचं कोणतंही पुस्तक उघडा. वातावर पहिला उपाय तेल. कडधान्यात उडीद वात कमी करणारा. सहा चवींमध्ये वाताला आवरणाऱ्या तीन, त्या गोड, आंबट आणि खारट. आणि दुखऱ्या गुडघ्यावर आपली आजी काय बांधायची? तेल लावून गरम केलेलं रुईचं पान! यात कुणी मुद्दाम वैद्यक घातलं, असं मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही. योगायोग म्हणा. पण हा योगायोग डोक्यात ठेवा. शेवटी मी पुन्हा मारुतीपाशीच येणार आहे.

आज तीन गोष्टी बोलायच्या आहेत. वात म्हणजे काय, ही पहिली. आपल्या या कोरड्या मुलखाचं आणि त्याचं नातं काय, ही दुसरी. आणि ताटात, दिवसात काय बदलायचं, ही तिसरी. चौथी एक आहे, ती सावधगिरीची. ती लहान आहे, पण तीच घरी घेऊन जा.

पहिली गोष्ट. वात म्हणजे पोटातला गॅस, एवढंच आपण धरून चालतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात बारावा अध्याय आहे, 'वातकलाकलीय' नावाचा. त्यात एक सभा भरलेली आहे. आजच्यासारखीच, फक्त माइक नाही. वेगवेगळ्या प्रांतांतले ऋषी एकमेकांना विचारतात, वाताचे गुण कोणते? तो बिघडतो कशाने? शांत होतो कशाने? एकाने गुण सांगितले, दुसऱ्याने कारणं, तिसऱ्याने उपाय. मग वार्योविद नावाचा राजर्षी उठला आणि वायूचं मोठं वर्णन करू लागला. शरीर चालवणारा तो, मनाला आवरणारा तो, बोलायला लावणारा तो, आणि बाहेर झाडं पाडणारा, समुद्र खवळवणाराही तोच.

तेव्हा मरीची नावाच्या ऋषीने मध्येच टोकलं. म्हणाला, हे सगळं खरं असेल, पण वैद्यकाच्या चर्चेत याचा उपयोग काय? मला हा मरीची फार आवडतो. प्रत्येक सभेत असा एक माणूस असावा. वार्योविदाने त्याला उत्तर दिलं, त्याचा मथितार्थ असा: वायू बलवान आहे, वेगवान आहे, झटकन घात करणारा आहे. त्याची ओळख वैद्याला आधीपासून नसेल, तर संकट येण्यापूर्वी तो सावध कसा करणार?

त्याची ओळख म्हणजे त्याचे गुण. रूक्ष, म्हणजे कोरडा. थंड. हलका. सूक्ष्म. खरखरीत. आणि चल, म्हणजे एका जागी न थांबणारा. टाचेला भेग पडली, कोठा कोरडा पडला, सांधा कटकट वाजू लागला, झोप तुटक झाली, मन एका विषयावर टिकेना, की वैद्य याच कुटुंबाकडे बोट दाखवतो. पित्ताचे विकार चरकाने ४० मोजले, कफाचे २०. वाताचे किती? ८०!

वायू एकच, पण कामं पाच आणि नावंही पाच. प्राण, उदान, व्यान, समान, अपान. ही नावं तुम्हाला नवी नाहीत. आपल्याच जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातल्या जांब इथे १६०८ साली जन्मलेल्या समर्थांनी दासबोधात हे पाचही वायू त्यांच्या जागांसह सांगितले आहेत. श्वास आत घेतो तो प्राण. शब्द बाहेर काढतो तो उदान. मघापासून माझा तोच राबतोय. अंगभर रस-रक्त खेळवतो तो व्यान. जठराग्नीला फुंकर घालतो तो समान. आणि मळ-मूत्र खाली सारतो तो अपान. म्हणजे वात हा शत्रू नाही. तो नसेल तर पापणीसुद्धा हलणार नाही. तो बिघडला, तरच तक्रार.

रक्त तपासलं तर त्यात वात सापडतो का? नाही सापडत. कोणत्याही लॅबच्या कागदावर तो छापून येत नाही. वात-पित्त-कफ ही शरीराकडे पाहण्याची एक जुनी भाषा आहे. तिला आजच्या विज्ञानाच्या गळ्यात जबरदस्तीने बांधू नये, आणि जुनी म्हणून टाकूनही देऊ नये. तिच्यात आपल्या रोजच्या जगण्याचं बारीक निरीक्षण साठलेलं आहे. मी वैद्य असूनही हे बोलतो, याची नोंद घ्यावी.

आता दुसरी गोष्ट, आपला मुलूख. आयुर्वेद जमिनीचे तीन प्रकार करतो. पाणथळ तो आनूप, मधला तो साधारण, आणि पाणी थोडं, झाडं थोडी, ऊन नि वारा भरपूर, तो जांगल. कोकण आनूप. मग जालना? वर्षाकाठी साडेसहाशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस, तोही आला तर. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा उभ्या वाळताना आपण डोळ्यांनी पाहिल्या. कुंडलिकेचं पात्र कोरडं पाहिलं. वाग्भटाने जांगल देश वातप्रधान म्हटला आहे. म्हणजे आपण वाऱ्याच्याच घरात राहतो! घाबरू नका, जांगल देशातली माणसं काटक असतात, असंही शास्त्र म्हणतं. पण काटकपणा आणि कोरडेपणा यांच्यात भिंत एकच असते, आणि ती पातळ असते.

आणि हा वाग्भट आपल्याला कुणी समजावून दिला? वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका आहे. ती लिहिणारा हेमाद्री. आपण ज्याला हेमाडपंत म्हणतो आणि ज्याचं नाव फक्त दगडी देवळांना देऊन मोकळे होतो, तोच. देवगिरीच्या यादवांचा मंत्री. १३ वं शतक. देवगिरी इथून किती लांब? सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. हेमाद्रीच्याच आश्रयाला बोपदेव नावाचा पंडित होता. बोपदेवाचे वडील केशव, वरदेच्या म्हणजे वर्धा नदीच्या काठचे वैद्य. त्यांनी 'सिद्धमंत्र' नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात काय आहे? कोणता पदार्थ कोणता दोष घटवतो, त्याप्रमाणे पदार्थांची वर्गवारी! बोपदेवाने वडिलांच्या त्या ग्रंथावर टीका लिहिली. आणि त्याच यादवांच्या दरबारात, सिंघणाच्या काळात, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. गाण्याचा ग्रंथ, पण सुरुवातीला शरीर कसं घडतं ते सांगतो, आणि नाद हा प्राणवायू आणि अग्नी यांच्या संयोगातून उठतो म्हणतो. म्हणजे वाताचं शास्त्र केरळातून किंवा हृषीकेशच्या जाहिरातीतून आपल्याकडे आलं, असा समज असेल, तर तो इथेच सोडून जा. ते आपल्या अंगणातलं आहे.

तिसरी गोष्ट. ताट.

इथे मी तुम्हाला एक अवघड कोडं घालतो. चरकाने एका ठिकाणी उत्तम आणि अधम पदार्थांची यादीच दिली आहे. कडधान्यात उत्तम मूग. वनस्पतींच्या तेलांत उत्तम तिळाचं तेल. आणि सर्वांत अहितकर तेल कोणतं? कुसुंभाचं. कुसुंभ म्हणजे काय? करडई! ज्या करडईच्या तेलावर मराठवाड्याच्या पिढ्या पोसल्या, ज्या घाण्याच्या वासाने आपलं बालपण भरलं, ते तेल चरकाच्या यादीत तळाला. बरं, ज्वारीही तशी कोरड्या गुणाची मानलेली. म्हणजे मुलूख कोरडा, भाकरी कोरडी आणि तेल अहितकर. मग आपले आजोबा-पणजोबा नव्वदीपर्यंत शेतात कसे गेले?

ग्रंथ खोटा की आजोबा खोटे?

दोन्ही नाहीत. त्याच यादीत कडधान्यांमध्ये सर्वांत अहितकर कोण आहे, ठाऊक आहे? उडीद! तोच उडीद, जो वातावर चालतो. म्हणजे यादी वाचून खायला बसणाऱ्या माणसाची चरक स्वतःच फजिती करतो. पदार्थाचा स्वभाव ही एक बाजू झाली. आपल्याच संहितेच्या विमानस्थानात चरक आठ गोष्टी पाहायला सांगतो. पदार्थाचा स्वभाव, त्याच्यावर केलेला संस्कार, कशाबरोबर खाल्ला, किती खाल्ला, कुठे, कधी, कोणत्या नियमाने, आणि खाणारा कोण. या आठांत आजीचं अख्खं स्वयंपाकघर बसतं.

आठवून बघा. ज्वारीचं पीठ ती आधणाच्या पाण्यात भिजवायची. हा झाला संस्कार. भाकरी तव्यावरून थेट ताटात, हा नियम. भाकरीवर लोण्याचा गोळा, नाहीतर चटणीवर कच्च्या तेलाची धार, हा संयोग. सोबत येसरची गरम आमटी, जवसाची नाहीतर कारळाची चटणी, म्हणजे पुन्हा तेलबियाच. भोगीला बाजरीच्या भाकरीवर तीळ, संक्रांतीला तीळगूळ, दिवाळीला तेल-उटणं. थंडी आणि कोरडेपणा अंगावर येतो, त्या दिवसांत सण तेलाची वाटी घेऊन दारात उभे. आणि करडईचं तेल? जन्मापासून अंगी लागलेल्या अन्नाला शास्त्रात सात्म्य म्हणतात. त्याच्या जोडीला दिवसभर अंगमेहनत होती. आजोबांना जे पचलं, ते खुर्चीत बसणाऱ्या नातवाला तसंच पचेल, अशी हमी मात्र कुणी देऊ नये.

तेव्हा माझं पहिलं म्हणणं एवढंच: भाकरी एकटी खाऊ नका. बिघाड भाकरीत नाही, तिला एकटं पाडण्यात आहे. आपण आज काय करतो? भाकरी ठेवली, कारण 'मिलेट' म्हणून तिला मान आला. आणि वरचं लोणी काढलं, आमटी काढली, सकाळी केलेली रात्री खाल्ली. वजन कमी करायचं म्हणून कोरडी भाकरी आणि कच्ची काकडी. मग पोट फुगलं की चूर्णाची पुडी. काय म्हणावं?

वाताचा त्रास असलेल्याने काय करावं, ते थोडक्यात सांगतो. गरम, ताजं, ओलसर जेवण. मुगाचं वरण, वर साजूक तूप. मटकी, हरभरा, वाटाणा खायचा तर चांगला भिजवून, शिजवून, हिंग-जिऱ्या-आल्याच्या फोडणीचा आणि दुपारी. टोस्ट, खारी, मुरमुरे, फरसाण ही कोरडी फौज चहाबरोबर रोज नको. आणि उपवासाचं काय? चतुर्थीला उपाशी राहायचं, वर चहा ढोसायचा, मग रात्री साबुदाणा, बटाटा आणि दाणे एका ताटात! देवाला पोचतो तो उपवास, पोटाला पोचते ती शिक्षा. फ्रीजचं पाणी बाजूला ठेवा, कोमट प्या. आणि जेवणाची वेळ पाळा. चंचलाला आवरायचं तर त्याला वेळ लावावी लागते. घरातल्या लेकराला लावतो तशी. तूप-तेलाचं ऐकून खूश झालेल्यांना एक सूचना: मधुमेह, हृदयविकार, चरबी वाढलेली असेल, तर किती खायचं ते आपल्या डॉक्टरांना विचारा. 'वैद्यबुवांनी सांगितलं' म्हणून माझं नाव पुढे करू नका.

ताट झालं, आता दिवस. वाग्भट रोज अंगाला तेल लावायला सांगतो, आणि तीन जागांवर विशेष भर देतो: डोकं, कान, तळपाय. सगळ्या अंगाला जमत नसेल, तर या तीन तरी सोडू नका. तिळाचं तेल कोमट करायचं आणि झोपण्यापूर्वी तळपायाला चोळायचं. पाच मिनिटं. बाळाला आणि बाळंतिणीला आपण तेल लावतो, शेक देतो. मग मधल्या साठ वर्षांत माणूस काय लोखंडाचा होतो? लोखंडसुद्धा तेलाशिवाय गंजतं, हे जालन्याच्या स्टीलवाल्यांना मी काय सांगायचं!

त्याच स्टीलच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारी मुलं माझ्याकडे येतात. रात्रीचं जागरण कोरडेपणा वाढवतं, असं शास्त्र म्हणतं. त्यांना 'लवकर झोपा' म्हणणं ही थट्टा आहे. भट्टी विझत नाही. त्यांना मी सांगतो, पाळीवरून आल्यावर गरम थोडं खा, तळपायाला तेल लावा, खोलीत अंधार करून रोज एकाच वेळी झोपा. पण जे दिवसपाळीचे असून दोन वाजेपर्यंत मोबाइल चोळत बसतात, त्यांनी रात्रपाळी कुणाची पत्करली आहे? चोळायचंच असेल तर तळपाय चोळा.

आणि आता जे बोलतो, ते जरा थांबून ऐका. शास्त्र म्हणतं, नैसर्गिक वेग अडवू नका. चरकाने असे १३ वेग मोजले. मूत्र, मळ, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, झोप, अश्रूसुद्धा त्यात आहेत. रडू अडवू नका, असं सांगणारं हे शास्त्र! पण बाजारात भाजी घेऊन दिवसभर बसणाऱ्या बाईने काय करावं? एसटीने चार तास प्रवास करणाऱ्या मावशीने? शाळेत लघवीला जायला नको म्हणून पाणीच न पिणाऱ्या मुलीने? त्या तहान अडवतात, म्हणजे लघवी अडवायला लागू नये, आणि शेवटी तीही अडवावी लागतेच. एकाच दिवसात दोन वेग अडवले. मग अपान बिघडला, की त्यांना आम्ही त्रिफळा देतो. ज्या रोगाचं औषध स्वच्छ, पाणी असलेलं, कडी लागणारं शौचालय आहे, त्यावर चूर्ण देऊन वैद्याने हात झटकू नयेत. आज आपण जमलो आहोत तो, १७२५ साली काबिलखानाने उभा केलेला हा मस्तगड पुढे शहराच्या कारभाराची जागा झाला, आणि शौचालयं ही त्या कारभाराचीच जबाबदारी. तिथे उभं राहून हे बोलण्याची संधी मी सोडणार नव्हतो.

वाताच्या कारणांत चरक चिंता आणि शोकही मोजतो. पिकाला भाव नाही, मुलीचं लग्न तोंडावर, कर्ज डोक्यावर. अशा माणसाला मी 'तूप खा' एवढंच सांगू? त्याच्याजवळ कुणी अर्धा तास बसणं, हाही उपचारच.

आता शेवटची, सावधगिरीची गोष्ट. प्रत्येक दुखण्याला वात म्हणू नका. छातीत दुखतंय, डाव्या हातात कळ येतेय, घाम फुटलाय, आणि घरचे म्हणतात, "गॅस धरलाय, ओवा चाव." ओवा चावत चावत माणसं गेली आहेत. १०८ ला फोन करा. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, जीभ अडखळली, तर तो अर्धांगवायू. नावात वायू आहे म्हणून तेल चोळत बसू नका. रक्ताची गुठळी असेल, तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तेल, शेक, बस्ती म्हणजे औषधी एनिमा, यांची जागा नंतर. बस्तीला अर्धी चिकित्सा म्हटलं आहे, हे खरं; पण ती वैद्याच्या हातची, यूट्यूब पाहून करायची नव्हे. आणि गुडघेदुखीवर एका दिवसात आराम देणारी बिननावाची पुडी दिसली, तर शंका घ्या. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत.

मघाच्या ऋषींच्या सभेचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. 'उपयोग काय' विचारणारा मरीची मग पित्ताची बाजू मांडतो, काप्य नावाचा ऋषी कफाची. शेवटी पुनर्वसू आत्रेय म्हणतात, तुम्ही सगळे बरोबर आहात, फक्त एकांगी बोललात: वात, पित्त, कफ तिघंही आपापल्या जागी नीट असतील, तरच माणूस सुखी. वादाचा निकाल असा लागला आणि सभा संपली. आपलीही संपत आली.

उद्या शनिवार आहे. मारुतीला जाल तेव्हा मनोभावे तेल वाहा. पण सगळी वाटी रिकामी करू नका. तळाशी चार थेंब ठेवा, घरी आणा आणि रात्री घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या तळपायाला आपल्या हाताने लावा. त्यानंतर उरलं, तर आपल्या.